आधी संमती, मग कंटेनर

जून २०२४ मध्ये आमच्या शेडच्या मागच्या भिंतीला जंबो बॅगा लागायला सुरुवात झाली. आत सर्किट बोर्ड. जुन्या कॉम्प्युटरचे, सर्व्हरचे, टेलिफोन एक्स्चेंजमधले, थोडे मोबाइलचे. तळोजा एमआयडीसीत आमचा ई-कचऱ्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे फार मोठं नाव झालं. पाच-सहा लांब टेबलं, एक श्रेडर, एक वजनकाटा आणि पंचवीसेक माणसं. पत्रा, तांब्याची तार, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक यांना इथल्या इथे गिऱ्हाईक मिळतं. बोर्डांचं तसं नाही. कॉम्प्युटरच्या एक टन बोर्डांत दोनशे ग्रॅमच्या आसपास सोनं असतं; चांगल्या म्हणवणाऱ्या खाणीत टनामागे पाच-सात ग्रॅम मिळालं तरी पुष्कळ. पण हे सोनं तांबं, शिसं, कथील, पॅलेडियम आणि ब्रोमिन घातलेल्या राळेच्या थरांत अडकलेलं असतं. सगळे धातू एकाच ठिकाणी वेगळे काढणारी आणि वर धूरही धरून ठेवणारी मोठी स्मेल्टरं, म्हणजे धातू वितळवणाऱ्या भट्ट्या, जगात मोजकीच. बेल्जियम, जर्मनी, स्वीडन, जपान अशी. आमच्या सरांनी बेल्जियममधल्या एकाशी बोलणी केली, दर ठरवला आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मॅडम, आता तेवढं परमिशनचं बघून घ्या."

'तेवढं' म्हणजे एक वर्ष.

मी कारखान्याची पर्यावरण अधिकारी. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, वार्षिक विवरणपत्रं, रजिस्टरं हे माझं रोजचं काम. निर्यातीची फाइल पहिल्यांदाच हातात आली होती. पहिली चूक आमची तिथेच झाली होती: माल आधी गोळा केला, कागद नंतर काढले. ई-कचरा नियम, २०२२ प्रमाणे रिसायकलरला माल १८० दिवसच साठवता येतो. मी कॅलेंडरवर मोजलं तर पहिल्या बॅगेचे दिवस डिसेंबरात संपत होते. तोपर्यंत परवानगी येणार नाही हे मला सप्टेंबरातच कळून चुकलं. सरांना सांगायला मात्र ऑक्टोबर उजाडला. शेवटी तो पहिला साठा देशातल्याच एका रिफायनरला कमी दरात द्यावा लागला. त्यानंतर दोन दिवस सर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. पुढचा माल मग आम्ही कागदांची चाल बघून गोळा केला.

मुळात हे सगळं बाझल कराराचं देणं. १९८० च्या दशकात श्रीमंत देशांत घातक कचऱ्याची विल्हेवाट महाग झाली तसा तो पिंपांत भरून गरीब देशांकडे निघाला. १९८८ मध्ये नायजेरियातल्या कोको गावात इटलीहून आलेली हजारो पिंपं उघड्यावर सापडली, तेव्हा गाजावाजा झाला. मार्च १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात करार झाला, मे १९९२ मध्ये तो लागू झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये भारताने त्याला मान्यता दिली. करारात पुष्कळ कलमं आहेत, पण सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे. दुसऱ्याच्या दारात कचरा नेण्याआधी त्याला विचारायचं, त्याने लेखी 'हो' म्हणायचं, आणि तोवर माल हलवायचा नाही. वाटेत ज्यांचं अंगण लागतं त्यांनाही विचारायचं.

पण बंदराच्या गेटवर कोणी करार वाचत नाही. तिथे देशाचा नियम चालतो. आपल्याकडे तो पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली येतो. पहिले घातक कचरा नियम १९८९ चे, मग दुरुस्त्या, मग २००८ चे नवे नियम, आणि सध्याचे ४ एप्रिल २०१६ चे. करारातलं 'सक्षम प्राधिकरण' म्हणजे आपल्याकडे दिल्लीतलं केंद्रीय पर्यावरण मंत्रालय. राज्याचं मंडळ कारखान्यावर लक्ष ठेवतं, कस्टम्स गेटवर, आणि देशाच्या वतीने 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं काम मंत्रालयाचं. निर्यातीसाठी नियम १४. अर्ज फॉर्म ५ मध्ये, सोबत विम्याचं संरक्षण, आणि आयात करणाऱ्या देशाची लेखी पूर्वसंमती. अर्ज पूर्ण असेल तर मंत्रालय ६० दिवसांत निर्णय देऊ शकतं.

नियमांच्या परिशिष्टात एक गंमत आहे, ती पहिल्यांदा वाचताना मी दोनदा मागे जाऊन बघितली. सहावी अनुसूची ही भारतात आणायला बंदी असलेल्या कचऱ्यांची यादी. ई-कचरा त्यात आहे. आणि नियम १४ म्हणतो की सहाव्या अनुसूचीतला कचरा निर्यात करायचा असेल तर पलीकडच्या देशाची संमती आणा. म्हणजे जे आपण आपल्या दारात घेणार नाही, ते दुसऱ्याने त्याच्या दारात घ्यायचं की नाही हे त्याला ठरवू द्यायचं. मला हा ढोंगीपणा वाटला होता. सर म्हणाले, "त्यांच्याकडे भट्टी आहे, आपल्याकडे नाही, एवढंच." बंदीही त्याच कारणाने आहे, हे मला मग पटलं. भट्टी नसलेल्या गल्लीत बोर्ड आले की ते उघड्या ॲसिडात बुडतात.

आता फॉर्मची गोष्ट. आंतरराष्ट्रीय व्यवहारात या विचारणीच्या कागदाला नोटिफिकेशन म्हणतात. आपल्या कानाला नोटिफिकेशन म्हणजे राजपत्रातली अधिसूचना. पहिले दोन आठवडे मी फोनवर "नोटिफिकेशन कधी निघणार?" विचारायचे आणि समोरचा मला २०१६ च्या राजपत्राचा क्रमांक सांगायचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो.

या नोटिफिकेशनमध्ये एकवीस चौकटी असतात. कोण पाठवणार, कोण घेणार, किती फेऱ्या, किती टन, पहिली फेरी कधी, शेवटची कधी, कशात बांधणार, कुठल्या वाहनाने, पलीकडे नेमकं काय करणार. बऱ्याचशा चौकटी एका दुपारी भरून झाल्या. 'काय करणार'ला कोड असतो. धातू परत मिळवण्याला आर४. चौकट क्रमांक १४ ला मात्र माझा सबंध ऑगस्ट गेला.

चौकट १४ म्हणजे 'कचऱ्याची ओळख'. एकाच मालाची ओळख, पण बारा ओळींत. बाझल कराराच्या परिशिष्टातला कोड. ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या गटाचा कोड. युरोपीय महासंघाच्या कचरा यादीतला सहा आकडी कोड. निर्यात करणाऱ्या देशाचा राष्ट्रीय कोड. आयात करणाऱ्या देशाचा. इतर काही असल्यास ते. मग वाय कोड, म्हणजे कचरा कुठल्या प्रकारचा. एच कोड, म्हणजे त्याचा धोका कुठल्या जातीचा: पेटणारा, विषारी, गंजवणारा, पर्यावरणाला मारक. संयुक्त राष्ट्रांचा वाहतूक वर्ग, त्याचा क्रमांक, त्याचं नाव. आणि सगळ्यात शेवटी कस्टम्सचा एचएस कोड.

या याद्या वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कामासाठी केलेल्या. कस्टम्सला कर लावायचा असतो, त्यामुळे त्याची यादी वस्तू काय आहे ते विचारते. बाझलची यादी विचारते की ती कुणाचं काय बिघडवेल. २०२२ च्या आधी एचएस यादीत ई-कचऱ्याला स्वतःचं घरच नव्हतं. जानेवारी २०२२ पासून ८५४९ हा मथळा आला. मी बारा ओळींचा तक्ता करून भिंतीला चिकटवला आणि प्रत्येक ओळीपुढे 'का' असं सदर केलं. कोणी विचारलं की हाच कोड का, तर उत्तर हवं. (पुढे पाच वेळा कोणी ना कोणी विचारलंच.)

त्यात आमचं दुर्दैव म्हणा किंवा नशीब, कोडच बदलायच्या बेतात होते. तोपर्यंत घातक ई-कचरा ए११८० खाली होता. जून २०२२ च्या परिषदेत देशांनी ठरवलं की १ जानेवारी २०२५ पासून तो ए११८१ होईल आणि जो ई-कचरा घातक नाही त्यालाही वाय४९ असा कोड मिळून पूर्वसंमती लागेल. त्याआधी 'आमचा माल घातक नाही' म्हणून सुटायला एक फट होती, ती बुजली. मी पहिला मसुदा ए११८० लिहून पाठवला. बेल्जियमच्या कंपनीतल्या बाईंनी एका ओळीत उत्तर पाठवलं: तुमची पहिली फेरी २०२५ मध्ये आहे ना? मी कॅलेंडर बघितलं, कपाळावर हात मारला आणि चौकट पुन्हा लिहायला घेतली.

आता प्रश्न आला ए११८१ की वाय४९. दोन्ही नोंदी वाचल्या. दोन्हींत 'काही सर्किट बोर्ड' असे शब्द. कुठले काही? ज्यांत शिसं वगैरे इतकं आहे की धोक्याचं लक्षण दिसतं ते इकडे, बाकीचे तिकडे. आमच्या बोर्डांवरची जुनी झाळ शिशाचीच. तरीही अंदाजाने लिहायचं नाही म्हणून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुने पाठवले. अहवाल आला, शिसं भरपूर. ए११८१, वाय३१. वाय३१ म्हणजे शिसं आणि शिशाची संयुगं. त्या दिवशी मला कारण नसताना फार बरं वाटलं.

कागद पूर्ण झाले तेव्हा खरी गाठ पडली. आपला नियम म्हणतो, अर्जासोबत पलीकडची संमती जोडा. पलीकडचे म्हणाले, करार वाचा, निर्यात करणाऱ्या देशाने विचारायचं असतं किंवा निर्यातदाराने आपल्या प्राधिकरणामार्फत. तुमच्या देशाकडून आम्हाला काहीच आलेलं नाही. पंधरा दिवस मी या दोन वाक्यांमध्ये फिरत होते. बाझल कराराच्या सहाव्या कलमाचा पहिला परिच्छेद आणि आपला नियम १४ शेजारी ठेवून वाचले तेव्हा कुठे उलगडलं. विचारणं आणि परवानगी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. विचारणीचा कागद आपल्या प्राधिकरणाच्या वाटेने जातो, संमती येते, आणि ती जोडून मग आपण परवानगी मागतो. दोघंही खरं बोलत होते, मी दोन कागदांना एक समजत होते. त्यात बेल्जियमला कचऱ्याचं एकच कार्यालय नाही. फ्लँडर्स, वालोनिया आणि ब्रसेल्स, तिघांचं वेगळं. आमचं स्मेल्टर फ्लँडर्समध्ये. पत्त्यात हे चुकलं असतं तर कागद बेल्जियममध्येच फिरत राहिला असता.

तिकडच्या प्राधिकरणाने आधी तीन गोष्टी मागितल्या. स्मेल्टरबरोबरचा करार, ज्यात लिहिलेलं हवं की माल ठरल्याप्रमाणे पोचला नाही किंवा प्रक्रिया झाली नाही तर आम्ही तो परत घेऊ. प्रक्रियेनंतर उरणाऱ्या राखेचं आणि मळीचं काय होणार याचा तपशील. आणि आर्थिक हमी. ही हमी वाहतूक, प्रक्रिया आणि नव्वद दिवसांची साठवण यांचा खर्च भरून काढेल एवढी असावी लागते. म्हणजे आम्ही उद्या दुकान बंद करून पळालो तरी बंदरात पडलेल्या मालाचं बिल तिथल्या लोकांच्या करातून जाऊ नये. आमच्या बँकेत बँक गॅरंटीचा फॉर्म होता, पण त्यात 'कामाचं स्वरूप' या रकान्यात 'कचरा परत आणण्याचा खर्च' असं लिहिल्यावर मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, विकलेला माल परत का आणायचा?" मी त्यांना करार समजावला. चहा झाला. हमी आठ दिवसांनी मिळाली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्लँडर्सची लेखी संमती आली. एक वर्षासाठी, ठरावीक टनांपर्यंत, ठरावीक फेऱ्यांना. प्रत्येक कंटेनरला नव्याने विचारावं लागत नाही, एवढी सवलत करारात आहे. तिची प्रिंट काढून फॉर्म ५ ला जोडली आणि दिल्लीला अर्ज गेला. एप्रिलमध्ये मंत्रालयाचं पत्र आलं. त्याच्या प्रती राज्याच्या मंडळाला, बंदराला आणि कस्टम्सला जातात. खाली अटी होत्या. बहुतेक अटी म्हणजे आम्ही अर्जात लिहिलेलंच होतं, फक्त आता ते आमच्याकडून वदवून घेतलेलं होतं.

सर पेढे घेऊन आले. मी म्हटलं, कंटेनर जाऊ दे.

बरं झालं म्हटलं. मे महिन्यात आम्ही जहाजावर जागा बुक केली. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपकडे जाणारी बहुतेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालत होती, त्यामुळे कंपन्यांचे मार्ग दर पंधरा दिवसांनी बदलत. स्टफिंगच्या, म्हणजे कंटेनर भरण्याच्या, चार दिवस आधी शिपिंग कंपनीचा मेल आला: सेवेत बदल, कंटेनर टँजिअरला उतरून दुसऱ्या जहाजाने अँटवर्पला जाईल. खाली 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' वगैरे. मी मेल दोनदा वाचला आणि नोटिफिकेशनची चौकट १५ काढली. तिथे संबंधित देश लिहायचे असतात. माझ्या कागदावर दोनच होते, भारत आणि बेल्जियम. टँजिअर मोरोक्कोत आहे.

शिपिंग कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो चांगला होता, समजुतीने बोलत होता. "मॅडम, कंटेनर उघडणारसुद्धा नाहीत. या क्रेनने उचलायचा, त्या जहाजावर ठेवायचा. सील तसंच."

"ज्यांच्या धक्क्यावर ठेवणार त्यांना विचारलंय का?"

"त्यांना विचारायचं काय त्यात? ट्रान्सशिपमेंट आहे."

दुसऱ्या कुठल्या मालाबद्दल तो शंभर टक्के बरोबर होता. रोज हजारो कंटेनर असेच उतरतात-चढतात. पण बाझलच्या हिशेबात मोरोक्को हा मार्गस्थ देश झाला. त्याला विचारायला हवं, उत्तरासाठी त्याला साठ दिवस, आणि तोवर माल निघायचा नाही. न विचारता गेला तर करारातल्या नवव्या कलमाप्रमाणे ती बेकायदा वाहतूक, आणि निर्यातदाराच्या चुकीमुळे तसं झालं तर तीस दिवसांत माल परत देशात. आमच्या सोळा टनांचा उलटा प्रवास, पुन्हा आफ्रिकेला वळसा, आमच्याच खर्चाने. शिवाय आमचं नाव एकदा बेकायदा वाहतूक करणाऱ्यांत गेलं की पुढचा प्रत्येक अर्ज भिंगाखाली.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "कोणाला कळणार आहे?" मग स्वतःच म्हणाले, "नको. कळतंच." बुकिंग रद्द केलं. थेट अँटवर्पला लागणारं जहाज दुसऱ्या कंपनीकडे मिळालं, भाडं जास्त, तारीख तीन आठवडे पुढची. या वेळी मी बुकिंगच्या मेलमध्येच लिहून घेतलं की मध्ये कुठेही कंटेनर उतरणार नाही आणि बदल झाला तर आधी आम्हाला कळवतील. त्या माणसाने हसत हसत सही केली. त्याच्या कारकिर्दीत असलं पत्र मागणारी मी पहिलीच, म्हणाला.

माल निघण्याच्या आठवड्यात शेडमध्ये वेगळीच धांदल. कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावर एक गोल बटण सेल असतो, घड्याळ चालू ठेवणारा. तो लिथियमचा. तो बोर्डावर राहिला तर कंटेनरात घासून पेट घेऊ शकतो, आणि कागदावर तर मालाची जातच बदलते, कारण बॅटऱ्यांचा कोड वेगळा. त्यामुळे प्रत्येक बोर्डावरचा सेल काढून झालाच पाहिजे. टेबलावर तीन मावशी बसतात. त्यांचं बघण्यासारखं असतं: डाव्या हाताने बोर्ड उलटा करायचा, अंगठा कडेवरून फिरवायचा, सेल लागला की चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पट्टी दाबायची, टिक् आवाज, सेल वाळू घातलेल्या डब्यात. मी एकदा मोजलं, एका बोर्डाला चार सेकंद. मी स्वतः करून बघितलं तर पट्टी मोडली आणि सेल उडून श्रेडरच्या खाली गेला. मावशी काही बोलल्या नाहीत, फक्त डबा माझ्यापासून जरा लांब सरकवला.

प्रत्येक बॅगेवर फॉर्म ८ चं लेबल. त्याचाही नियम ठरलेला: झगझगीत पिवळी जमीन, त्यावर लाल अक्षरं, पाण्याने न जाणारं साहित्य, आणि मजकूर हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. स्थानिक म्हणजे मराठी. मी छापखान्यात 'घातक कचरा' लिहून दिलं. पहिला गठ्ठा 'घातक कचारा' होऊन आला. छापखानेवाले म्हणाले, "तिकडे कोण वाचणार आहे मॅडम?" बेल्जियममध्ये खरंच कोणी वाचणार नव्हतं. पण तळोज्याहून न्हावा शेव्याच्या वाटेवर कंटेनर उलटला तर पहिला जो माणूस धावत येईल तो कदाचित मराठीच वाचेल. गठ्ठा परत केला.

वीस बॅगा, प्रत्येकीचं वजन, प्रत्येकीचा फोटो. फॉर्म ६, म्हणजे मालासोबत शेवटपर्यंत जाणारा कागद. ड्रायव्हरच्या हातात ट्रेम कार्ड: सांडलं, पेटलं तर काय करायचं, कोणाला फोन करायचा. ड्रायव्हरने ते सन व्हायझरला खोचलं, शेजारच्या देवाच्या फोटोला जागा करून. फ्लँडर्सच्या प्राधिकरणाला आणि स्मेल्टरला तीन कामाचे दिवस आधी सूचना गेलेली होती. हे तीन दिवस मोजताना मी आपली सुट्टी धरली होती, त्यांची धरायची राहिली होती. सुदैवाने त्या आठवड्यात त्यांची सुट्टी नव्हती.

न्हावा शेव्याला आमच्या सीएचएकडचे, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटकडचे, एक काका सोबत होते, बंदरात तीसेक वर्षं काढलेले. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी मंत्रालयाचं पत्र, संमती, फॉर्म ६ आणि शिपिंग बिल ओळीने ठेवलं आणि वजनावर बोट ठेवलं. फॉर्म ६ वर मी निव्वळ वजन लिहिलं होतं, शिपिंग बिलावर पॅलेटसकट. साडेचारशे किलोंचा फरक. पॅकिंग लिस्ट काढून पॅलेट मोजून दाखवले, दीड तास गेला. मला राग आला नाही म्हणणं खोटं होईल. चहाच्या टपरीवर काका म्हणाले, "चिडू नका. या बंदराने तेल बघितलंय."

ते तेल मला वाचून माहीत होतं. वंगण तेल म्हणून आयात केलेले १३३ कंटेनर न्हावा शेव्याला पडून होते आणि आत निघालं टाकाऊ घातक तेल. १९९५ पासून चाललेल्या जनहित याचिकेत ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं आणि जानेवारी २००५ मध्ये न्यायालयाने ते सगळं तेल आयातदारांच्या खर्चाने भट्टीत जाळून टाकायला सांगितलं. काकांनी ते कंटेनर पडलेले बघितले होते. "नाव एक, आत दुसरंच. कागदावर काही खोट नव्हती," ते म्हणाले. "म्हणून आता कागद कितीही चांगला असला तरी वजन करतात." आज आयात मालाचे तीन नमुने घेऊन त्यांचे अहवाल दोन वर्षं जपून ठेवायचा नियम आहे, तो उगाच आलेला नाही. आम्ही उलट्या दिशेने चाललो होतो, पण काटा तोच.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात जहाज सुटलं. मग चाळीसेक दिवस काहीच नाही. मी रोज सकाळी जहाजाचा नकाशा उघडायचे. एक हिरवा ठिपका आफ्रिकेच्या कडेने रांगत होता. सर म्हणाले, इतकं तर मुलीच्या पहिल्या परदेशवारीलाही कोणी बघत नाही.

ऑगस्टमध्ये माल पोचला. पोचल्यापासून तीन दिवसांत स्मेल्टरने लेखी पोच द्यायची होती, ती आली. प्रक्रिया संपल्यावर तीस दिवसांत दाखला द्यायचा, आणि काही झालं तरी माल मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत. तो दाखला डिसेंबरात आला. त्यानंतर हमी सुटते. मॅनेजरसाहेबांना फोन केला तर म्हणाले, "म्हणजे परत नाही ना आला माल?" फॉर्म ३ च्या रजिस्टरात मी शेवटचा रकाना भरला.

पोचेसोबत मात्र एक मेल वेगळा आला होता. तपासणीत एका बॅगेत एक बटण सेल सापडला. दंड नाही, तक्रार म्हणून नोंद, आणि फोटो. राखाडी ट्रेमध्ये तो बोर्ड, शेजारी मोजपट्टी ठेवलेली, कोपऱ्यात आमच्या पिवळ्या लेबलाचा तुकडा, त्यावर लाल अक्षरांत 'घातक क' एवढंच दिसत होतं. मी मोबाइल घेऊन टेबलाशी गेले. मावशींनी हात पुसले, फोटो दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ बघितला.

"हा लॅपटॉपचा आहे," त्या म्हणाल्या. "यात सेल पट्टीत नसतो. काळ्या प्लॅस्टिकात गुंडाळून वायरने खाली चिकटवलेला असतो. अंगठ्याला लागत नाही."

दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉपचे बोर्ड वेगळ्या ट्रेमध्ये येतात. ते मावशी अंगठ्याने नाही, उलटे करून डोळ्याने बघतात. एका बोर्डाला आता सात सेकंद लागतात.